महेबूब मिस्तरींची वीस टेबले

महेबूब इब्राहिम मिस्तरी. जन्म ७ मार्च १९५७, मालेगाव. १९७८ पासून वास्तव्य नाशिक. व्यवसाय सुतारकाम, दुकान द्वारका चौकापासून चालत सात मिनिटांच्या अंतरावर. पत्नी बेगम, एक कन्या, आफिया, विवाहित. हयात.

कोणाविषयी लिहावयाचे असेल तर एवढा तपशील आरंभीच द्यावा, अशी माझी रीत आहे. मी लेखाधिकारी म्हणून छत्तीस वर्षे नोकरी केली आणि आता इंदिरानगरात निवृत्तीचे आयुष्य घालवीत आहे. महेबूबभाईंचा व माझा परिचय ऑगस्ट १९९८ पासूनचा. त्या महिन्यात त्यांनी मला लिहिण्याचे एक टेबल करून दिले. पुढे पुस्तकांचे कपाट, देव्हारा आणि दोन खिडक्यांची तावदानेही त्यांनीच केली. देव्हारा करताना त्यांनी मला प्रत्येक मूर्तीची उंची विचारली होती आणि ती स्वतः मोजपट्टीने पडताळूनही पाहिली होती. त्यांतील एका मूर्तीची उंची मी पाव इंचाने चुकीची सांगितली होती, हे येथे कबूल करतो.

त्यांचे वडील मालेगावला यंत्रमागावर काम करीत. थोरल्या दोन्ही मुलांनी मागच धरला. महेबूबभाईंना मात्र त्या खडखडाटात डोके दुखण्याचा विकार जडला आणि एकविसाव्या वर्षी ते नाशिकला एका वृद्ध कारागिराच्या हाताखाली आले. त्या कारागिराला ते आजही केवळ ‘उस्ताद’ म्हणतात. त्यांचे नाव उच्चारणे ते अदबीला धरून मानीत नाहीत. महेबूबभाईंचे शिक्षण उर्दू शाळेत पाचवीपर्यंत झाले. मराठी उत्तम बोलतात, पण त्यांना मराठी लिहिता येत नाही. गिऱ्हाइकाला बिल द्यावयाचे असले की मजकूर आफियाने मराठीत लिहावा आणि खाली त्यांनी उर्दूत सही करावी, हा दुकानाचा शिरस्ता होता. आफियाचे लग्न २०१९ मध्ये मालेगावला झाले. तरीही महिन्यातून दोनदा येऊन ती बिलबुक पुरे करून जात असे.

येथून मुख्य हकिगत सुरू होते.

जून २०२० मध्ये नाशिकपासून तासाभराच्या अंतरावरील एका नगरपरिषदेने, तिचे नाव मी हेतुपुरस्सर लिहीत नाही, एक ठराव संमत केला. साथीमुळे सभा सभागृहात घेता येत नव्हत्या. त्या मोबाईलवर व संगणकावर भरत. नगरसेवकांना घरूनच काम पाहावे लागत होते. म्हणून वीसही सदस्यांस घरी कामाची सोय करण्यासाठी नगरपरिषदेच्या निधीतून खर्च द्यावा, असे ठरले. त्यात इंटरनेटची रक्कम होती आणि एका टेबलासाठी कमाल साडेबारा हजार रुपयांची तरतूद होती. सदस्याने टेबल घ्यावे, बिल सादर करावे आणि बिलाची रक्कम घ्यावी.

या ठरावावर पुढे पुष्कळ चेष्टा झाली. माझे मत वेगळे आहे. सार्वजनिक काम घरी बसून करावयाचे असेल, तर त्यासाठी लागणारे साहित्य सार्वजनिक पैशातून देण्यात काही गैर नाही. त्या दिवसांत काही सदस्य खरोखरच सकाळपासून फोन घेऊन बसत आणि रुग्णालयात खाट मिळवून देत. दोष ठरावात नव्हता. तो ठराव ज्या हातांनी अमलात आणला, त्यांच्यात होता.

या टेबलांचे काम एका मध्यस्थ गृहस्थामार्फत महेबूबभाईंकडे आले. टाळेबंदीत त्यांचे दुकान अडीच महिने बंद होते. वीस टेबलांचे काम एकदम मिळणे म्हणजे घरात पुन्हा चूल नीट पेटणे होते. त्यांनी प्रत्येक टेबलास चार हजार तीनशे रुपये सांगितले. एका सदस्याने खण मागितला. त्या टेबलास चार हजार नऊशे. पाच आठवड्यांत वीसही टेबले तयार झाली आणि पैसे रोख मिळाले.

बिलांच्या बाबतीत मात्र त्यांच्या हातून मोठी चूक घडली. आफिया मालेगावात अडकलेली होती. तिकडून कोणासही बाहेर पडता येत नव्हते. बिले लिहावयास कोणी नाही. मध्यस्थ म्हणाला, “तुम्ही नुसत्या सह्या करून द्या, मजकूर ऑफिसात भरून घेतो.” आयुष्यभर महेबूबभाईंची बिले दुसऱ्यानेच लिहिली होती. यात काही वावगे आहे, असे त्यांच्या मनातही आले नाही. त्यांनी वीस कोऱ्या बिलांवर सह्या केल्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ते माझ्या घरी आले ते एक पाकीट घेऊन. तोपर्यंत त्या नगरपरिषदेची मुदत संपून तेथे प्रशासक आले होते आणि जुन्या खर्चाचे लेखापरीक्षण झाले होते. नोटीस महेबूबभाईंच्या नावे होती. वीसही बिले प्रत्येकी साडेबारा हजारांची होती. टेबलाची वाजवी किंमत साडेचार हजार धरून जादा घेतलेले एक लाख साठ हजार रुपये पुरवठादाराने तीस दिवसांत भरावेत, अन्यथा फसवणुकीची फिर्याद दाखल करण्यात येईल, असे तीत म्हटले होते. सदस्यांचे लेखी म्हणणे सोबत जोडले होते: आम्ही बिलाप्रमाणे पैसे दिले, भाव कारागिराने लावला.

“साहेब, हे मी आफियाकडून वाचून घेतलं,” महेबूबभाई म्हणाले. “दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं ती घाबरून चुकीचं वाचतेय.”

बरोबर आलेल्या बेगमभाभी खुर्चीच्या कडेला बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “दूधवाल्याचा हिशेब रोज दोनदा बघतात. अर्धा लिटर का पाऊण लिटर. आणि वीस सह्या केल्या तेव्हा एक कागद उलटून बघितला नाही.”

“अगं, कोरा कागद उलटून काय बघणार?”

“तेच तर. कोरा होता हे तरी बघायचं.”

मी विचारले, “महेबूबभाई, तुम्ही चार हजार तीनशेच घेतलेत, याचा काही पुरावा? वही, पावती, काही?”

“वही नाही ठेवली कधी. दुकान विकलं तर भरून होतील पैसे. पण साहेब, भरले म्हणजे मी खाल्ले असंच होईल ना? पंचेचाळीस वर्षं द्वारकेला बसलोय. मग त्या ओट्यावर बसायचं कसं?”

त्यांची काळजी एक लाख साठ हजारांची नव्हती, हे मला तेव्हा कळले. पैसे भरणे त्यांना शक्य होते. पैसे भरून चोर ठरणे त्यांना शक्य नव्हते.

“काहीतरी लिहिलेलं असेलच,” मी पुन्हा म्हणालो. माझ्या व्यवसायात लिहिलेले नसलेले घडलेलेच नसते.

“लिहिलेलं तर टेबलावरच असतं.”

“म्हणजे?”

त्यांना माझ्या प्रश्नाचे नवल वाटले. ते उठले, माझ्या टेबलावरील दौत, शब्दकोश व चष्म्याचे घर त्यांनी एकेक करून खिडकीत ठेवले आणि टेबल हलकेच आडवे केले. वरच्या फळीच्या मागच्या अंगास, डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने लिहिलेली उर्दूची एक ओळ होती. तिच्यावर पॉलिशचा पातळ थर होता.

“बारा ऑगस्ट अठ्ठ्याण्णव,” त्यांनी बोट ठेवून वाचले. “सागवान. चार फूट बाय अडीच. अठराशे पन्नास.”

पंचवीस वर्षे मी त्या टेबलावर लिहीत होतो आणि माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर काय लिहिले आहे, हे मला ठाऊक नव्हते.

त्यांनी कारण सांगितले. उस्तादांच्या दुकानात पॉलिश करणाऱ्याचा हिस्सा विक्रीच्या किमतीवर ठरे, रुपयामागे दोन आणे. सुताराने किंमत कमी सांगितली तर पॉलिशवाला बुडणार. म्हणून भांडणे होत. उस्तादांनी नियम घातला: गिऱ्हाइकाशी ठरलेली किंमत सुताराने फळीच्या मागे लिहावी, पॉलिशवाल्याने ती वाचावी आणि मग तिच्यावरूनच हात फिरवावा. त्यानंतर ती कोणालाही बदलता येत नाही. उस्ताद गेले, पण महेबूबभाईंनी ही पद्धत एकदाही मोडली नाही.

“पण मी तुम्हाला एकोणीसशे दिले होते,” मी म्हणालो.

ते गडबडले. “एकोणीसशे? नाही साहेब.”

मी १९९८ ची रोजनिशी काढली. रोजनिश्या मी वर्षवार लावून ठेवतो, त्यामुळे दोन मिनिटे पुरली. बारा ऑगस्ट: टेबल १८५०, हातगाडी ५०, एकूण १९००.

बेगमभाभी प्रथमच हसल्या. “तुम्ही दोघं एकाच मातीचे,” त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी मी अर्ज लिहावयास घेतला. चार मसुदे झाले. मागणी एकच होती: ज्या वस्तूंच्या किमतीविषयी वाद आहे, त्या वस्तू नोटिशीवरील सुनावणीत हजर कराव्यात. चौकशी अधिकारी श्रीमती तृप्ती देवरे या पस्तिशीच्या, मितभाषी बाई होत्या. अर्ज वाचून त्यांनी विचारले, “टेबलं आणून काय सिद्ध होणार? मोजमाप आमच्याकडे आहे.”

“मॅडम, वरून मोजली आहेत,” मी म्हणालो. “मागून पाहावीत, एवढीच विनंती आहे.”

त्यांनी अर्जावर ‘मंजूर’ असा शेरा मारला. उर्दू वाचण्यासाठी तेथील उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिकांना बोलावण्याचेही त्यांनी स्वतःहून ठरविले. आफियाने वाचले असते तर आक्षेप आला असता, हे त्यांनी माझ्याआधी ओळखले होते.

सुनावणी १० मे २०२३ रोजी सकाळी अकरा वाजता नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. वीसपैकी चौदा टेबले आली. उरलेल्या सहांबद्दल कारणे लेखी आली होती: दोन मोडली, एक लेकीकडे गेले, एक वाळवीने खाल्ले आणि दोन ‘सापडत नाहीत’. साडेबारा हजारांचे टेबल घरात सापडत नाही, हे कारण मी प्रथमच वाचले. आलेल्या चौदांचीही तऱ्हा पाहण्याजोगी होती. एकाला माशांच्या पेटीच्या नळीसाठी भोक पाडलेले होते. एकावर शिवणयंत्राचे चार पाय उमटले होते. एक हळदीने पिवळे झाले होते. ते कोणत्या मंगलकार्यात वापरले, हे कोणी सांगेना. महेबूबभाई प्रत्येक टेबलापाशी जाऊन पाय हलवून पाहत होते. एकही डुगडुगत नव्हते.

पंधरावे टेबल माझे. ते मी टेम्पोने नेले. भाडे चौदाशे रुपये.

माजी नगरसेवक सावळीराम आहेर हे सदस्यांच्या वतीने बोलत होते. खण असलेले टेबल त्यांचेच. ते विणलेल्या आच्छादनासकट आले होते.

“मॅडम, जपून हं,” ते म्हणाले. “वापरातलं टेबल आहे. आज माझ्या फायली जमिनीवर पडल्यात.”

“उलटं करा,” श्रीमती देवरे शिपायाला म्हणाल्या.

टेबल उलटे झाले. कोपऱ्यात ओळ होती. मुख्याध्यापिका वाकल्या, चष्मा सरसावला आणि शाळेत धडा वाचावा तशा स्वरात वाचू लागल्या. “चार जुलै दोन हजार वीस. प्लायवूड, सागवानी पट्टी. साडेतीन फूट बाय दोन. एक खण. चार हजार नऊशे.”

श्रीमती देवरे यांनी रक्कम टिपून घेतली.

“हे काय, काल-परवा लिहिलं असेल,” सावळीराम म्हणाले.

महेबूबभाई हात बांधून उभे होते. ते सावकाश म्हणाले, “सावळीरामदादा, टेबल तीन वर्षं तुमच्या घरात हाय. मी तुमच्या घरी कधी आलो? चहाला तरी बोलावलंत का?”

मागच्या रांगेत हशा पिकला. शिपायाने तोंडावर हात धरला.

“मग देतानाच लिहून ठेवलं असेल, खोटं.”

“म्हणजे,” श्रीमती देवरे लेखणी उचलून म्हणाल्या, “आजची सुनावणी यांना २०२० सालीच ठाऊक होती, असं तुमचं म्हणणं नोंदवून घेऊ का?”

सावळीराम बसले. पण ते मुरलेले गृहस्थ होते, पुन्हा उठले. “मॅडम, मी मान्य करतो, लिहिलंय. पण ती त्यांची बनवायची किंमत असेल. दुकानदार विकताना वेगळी लावतो. हे तर सगळ्यांना कळतं.”

हा आक्षेप खरा होता आणि त्याची मला अपेक्षा होती. माझे टेबल पुढे आणले गेले. मुख्याध्यापिकांनी वाचले: अठराशे पन्नास. मी रोजनिशी उघडून श्रीमती देवरे यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तारीख पाहिली, रक्कम पाहिली, हातगाडीचे पन्नास रुपये पाहिले. मागची व पुढची पाने चाळून शाई एकच आहे का, तेही पाहिले. मला त्यांचे हे करणे फार आवडले.

“विकलेलीच किंमत लिहितात,” त्या म्हणाल्या. “उरलेली बघू.”

मग एकापाठोपाठ एक टेबले उलटी होऊ लागली. शिपाई दोन होते. तिसऱ्यापासून महेबूबभाईंनीही हात लावला. मुख्याध्यापिका वाचत गेल्या. सहा जुलै, चार हजार तीनशे. सात जुलै, चार हजार तीनशे. तारखा पुढे सरकत होत्या, रक्कम तीच. सहाव्या-सातव्या टेबलापासून मागचे लोकही त्यांच्याबरोबर म्हणू लागले, “चार हजार तीनशे.” ती रक्कम महेबूबभाईंनी तेथे एकदाही उच्चारली नव्हती. त्यांच्या टेबलांनी ती भर सभागृहात तेरा वेळा सांगितली. एकदा काय ती सहाशे रुपयांनी अधिक.

शेवटचे टेबल लताबाई गांगुर्डे यांचे होते. ते ओळखू येत होते, कारण त्याची वरची बाजू कोपरांनी घासून पांढरी पडली होती. साथीच्या दोन वर्षांत या बाई सकाळी सहापासून त्या टेबलापाशी फोन घेऊन बसत, हे त्या गावात सर्वांना माहीत आहे. टेबल उलटे करण्यापूर्वीच त्या उभ्या राहिल्या.

“मॅडम, वाचायची गरज नाय. मी चार हजार तीनशेच दिले होते. बिल साडेबाराचं आलं, त्यावर मी सही केली. सगळ्यांनी केली, मीपण केली. वरचे आठ हजार दोनशे मला मिळाले. मी त्याचं तेल-साखर घेऊन वाटलं, पण पैसे माझे नव्हते. ह्या माणसाचं नाव घालून घेतलेले होते.”

सावळीराम पुटपुटले, “ताई, खाली बसा.”

“तीन वर्षं बसलेच होते, भाऊ.”

त्या महेबूबभाईंकडे वळल्या. “मिस्तरी, तुमचं टेबल लय चांगलं निघालं. हे आधी सांगायला पाहिजे होतं मी.”

महेबूबभाईंनी मान लववली. ते एवढेच म्हणाले, “पट्टी निसटली तर सांगा. येऊन बसवून देईन.”

त्याच दिवशी दुपारी लताबाईंनी आठ हजार दोनशे रुपये भरून पावती घेतली. ती पावती हातात धरून त्या सभागृहात परत येऊन बसल्या. त्यानंतर पाच वाजण्याच्या आत आणखी चार सदस्यांनी रक्कम भरली. बाहेर पडलो तेव्हा गेटपाशी रिक्षावाले, चहावाला आणि नगरपरिषदेचे दोन लिपिक उभे होते. कोणी हार आणला नव्हता, घोषणा दिल्या नाहीत. चहावाल्याने महेबूबभाईंच्या हातात पेला दिला आणि विचारले, “मिस्तरी, चार हजार तीनशेत मला एक बाकडं होईल का?”

“बाकडं अडीच हजारांत होईल,” महेबूबभाई म्हणाले. “पण बिल माझी मुलगी लिहील. तेव्हाच सही.”

परतीच्या टेम्पोत ते पुढे बसले नाहीत. मागे, माझ्या टेबलाला धरून, उभ्यानेच आले. द्वारकेला उतरताना शेजारच्या दुकानदारांनी विचारले, काय झाले. त्यांनी त्या ओट्यावर बसून, बूट काढून, सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. सांगून झाल्यावर, तोवर तेथे आलेल्या बेगमभाभी म्हणाल्या, “आता एकदा दूधवाल्यालाही सांगा.”

आदेश ५ जून २०२३ रोजी निघाला. त्याची प्रत माझ्याजवळ आहे. महेबूब इब्राहिम मिस्तरी यांच्यावरील वसुलीची नोटीस मागे घेण्यात आली असून नोटिशीबरोबरच पुरवठादारांच्या निषिद्ध यादीत घातलेले त्यांचे नाव तीतून वगळले आहे. कोऱ्या बिलांवर सह्या केल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली. ती त्यांनी मान्य केली आणि ती योग्यच होती. मध्यस्थ गृहस्थाविरुद्ध वेगळी फिर्याद झाली असून ती न्यायप्रविष्ट आहे. तिच्याविषयी मी अधिक लिहीत नाही. एकोणीस सदस्यांकडून प्रत्येकी आठ हजार दोनशे आणि एका सदस्याकडून सात हजार सहाशे वसूल करावयाचे ठरले. एकूण एक लाख त्रेसष्ट हजार चारशे. म्हणजे लेखापरीक्षणाने अंदाजाने काढलेल्या रकमेपेक्षा, टेबलांनी स्वतः सांगितलेली रक्कम तीन हजार चारशेने अधिक भरली.

आजपर्यंत सतरा सदस्यांनी मिळून एक लाख एकोणचाळीस हजार चारशे रुपये भरले आहेत. तिघांकडून चोवीस हजार येणे आहेत. त्यांत खणाचे टेबल धरलेले आहे.

महेबूबभाईंनी सुनावणीस येण्याजाण्याचा स्वतःचा खर्च, दोनशे ऐंशी रुपये, मिळावा म्हणून माझ्या सांगण्यावरून अर्ज केला. नगरपरिषदेचे उत्तर आले: अशा खर्चाची नियमात तरतूद नाही. माझ्या मते तरतूद करता येते, आणि त्या आशयाचे तिसरे स्मरणपत्र मी गेल्या महिन्यात पाठविले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.